‘किती’च्या चर्चेत हरवलेले ‘कोणते’ आणि ‘कोणाला’

शस्त्र कायद्यातील दुरुस्तीवर डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत वादळ उठले, ते आकड्यावरून. एका परवानाधारकाकडे तीनऐवजी एकच अग्निशस्त्र असावे, असे मूळ विधेयकात होते. वडिलोपार्जित बंदुकांचे काय, असा सवाल आला आणि ९ डिसेंबरला लोकसभेने व दुसऱ्या दिवशी राज्यसभेने विधेयक संमत केले तेव्हा ‘एक’चे ‘दोन’ झाले होते. शस्त्र कोणते आणि ते कोणाला मिळते, हे अधिक अडचणीचे प्रश्न मात्र मागेच राहिले.

आपला कायदा शस्त्राची वर्गवारी प्रामुख्याने त्यात बसणाऱ्या काडतुसावरून करतो. पिस्तुलाचे ९ मि.मी. काडतूस झाडणारे, खिशात मावेल एवढे रिव्हॉल्व्हर घ्या. पिस्तुलाच्या काडतुसाला बाहेर आलेली कड नसते, त्यामुळे रिव्हॉल्व्हरच्या चक्रात ते बसवायला सहसा धातूची वेगळी पट्टी लागते. म्हणून असली रिव्हॉल्व्हरे जगभरातच थोडी. आपल्याकडे तर ती थेट ‘निषिद्ध बोअर’मध्ये जातात, कारण ९ मि.मी. हे सैन्याचे काडतूस. तेवढ्याच आकाराच्या .३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देऊ शकतात; निषिद्ध बोअरसाठी गृह मंत्रालय गाठावे लागते.

शस्त्रागारातून पळवलेली काडतुसे खासगी बंदुकीत चालू नयेत, हा ब्रिटिशांचा हिशेब होता. .३०३ रायफल नागरिकाला नको म्हणून .३१५ आली, ती त्याच हिशेबाने. ९ मि.मी.च्या बाबतीत तो आजही पटण्याजोगा आहे. पण .४५५ सैन्यातून केव्हाच बाद झाले, तरी नियमावलीत त्याचे स्थान अढळ आहे. जुने काढून टाकण्याची सवय आपल्या मंत्रालयांना नाही.

या वर्गवारीला १९८०च्या दशकात आयातबंदीची जोड मिळाली. नागरिकाच्या वाट्याला उरली ती प्रामुख्याने सरकारी कारखान्यांची .३२. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेले ‘निर्भीक’ही .३२च, आणि त्याची किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. बंदीपूर्वी आलेल्या छोट्या विदेशी शस्त्रांना त्यामुळे दुर्मीळ वस्तूचा भाव आला. परवानाधारकांच्या आपसातील व्यवहारात तो काही लाखांपर्यंत जातो.

या टंचाईत एक दार मात्र किलकिले होते. सीमाशुल्क विभागाने जप्त केलेली विदेशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे अनेक वर्षे खासदार आणि निवडक अधिकाऱ्यांना सरकारी दराने मिळत राहिली. सामान्य परवानाधारक ज्यासाठी लाखो मोजतो, ते लोकप्रतिनिधीला बाजारभावाच्या अंशात. लाभार्थ्यांत गुन्हे दाखल असलेलेही होते, हे माहिती अधिकारातून बाहेर आले, सभागृहातून नव्हे. ही व्यवस्था चालली ती परिपत्रकांवर.

त्याच २०१९च्या दुरुस्तीने निषिद्ध शस्त्र बेकायदा बाळगण्याची किमान शिक्षा पाच वर्षांवरून सातवर आणि कमाल चौदावर नेली. नागरिकासाठी एवढी कठोर रेघ ओढणाऱ्या सभागृहाला स्वतःच्या सदस्यांचा हिशेब मागणे जड जाऊ नये. जप्तीची शस्त्रे कोणाला, कोणत्या दराने दिली गेली आणि पुढे ती कोणाच्या हाती गेली, याची वर्षवार यादी गृह आणि अर्थ मंत्रालयांनी पटलावर ठेवावी. त्यासाठी नव्या विधेयकाची गरज नाही; एका सदस्याने विचारलेला एक लेखी प्रश्न पुरेल.