शाळेचे कुलूप

आमच्या वऱ्हाडात दंडारीला बांधीव नाट्यगृह कधी लागले नाही. शेतीची कामे उरकली की गावातील मोकळी जागा हीच रंगभूमी होई. भजनी मंडळींना देवळाचा सभामंडप पुरे. मात्र तो सभामंडप साऱ्यांचाच होता, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य गणलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली चळवळ करावी लागली. कित्येकांनी आयुष्यभर भजन ऐकले, ते उंबरठ्याबाहेर उभे राहून.

गाडगेमहाराजांनी यातून सरळ वाट काढली. शेंडगावी जन्मलेला हा सत्पुरुष दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडी आणि रात्री तेथेच उघड्यावर कीर्तनास उभा राही. तेथे उंबरठाच नव्हता. मग अडवणार कोण? श्रोत्यांना प्रश्न विचारावा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवावे, अशी त्यांची रीत. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि खंजिरीच्या तालावर खेड्यापाड्यांतील माणसे गाती केली.

आज अमरावतीस व अकोल्यास चांगली सभागृहे आहेत. नाटकांना ती हवीतच. परंतु भाडे भरून तेथे जातो तो कला हस्तगत झालेला मनुष्य. शिकणाऱ्याने जावे कोठे? ढोलकीवर बसलेल्या मुलाचे बोल शंभरदा चुकणार. दोन खोल्यांच्या घरात ते कोण सोसणार? चित्र काढणाऱ्या मुलीला पाने मांडण्याच्या वेळी कागद गुंडाळावाच लागतो.

जागा गावोगाव आहे. ती म्हणजे शाळा. पण सायंकाळ होताच तिला कुलूप लागते. ते लावणाऱ्यांत मीही होतो. बाके मोडतील, भिंती खराब होतील, जबाबदारी कोणाची, ही कारणे मला मुखोद्गत होती. एकदा एक विद्यार्थी सरावासाठी वर्ग मागावयास आला. मी नकार दिला. काही दिवस कुंपणाबाहेरच्या निंबाखालून ढोलकी ऐकू येई. पावसाळा लागला आणि ती थांबली. पुढे त्याने ढोलकी हाती धरल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, प्रत्येक शाळेने निदान दोन खोल्या रात्री आठपर्यंत उघड्या ठेवाव्यात. कोणत्याही आळीतील मुलाने यावे, वाजवावे, रंगवावे, चुकावे. बाक मोडलाच तर गावात सुतार आहे. जाताना ज्याने त्याने आपली जागा झाडावी. खराटा दारामागे ठेवलेला असावा.