लियांगचा दरबार, पुरंदरचा पाळणा

बादशहाचा वाढदिवस आहे. दरबार भरला आहे, मेजवानी मांडली आहे. अशात बादशहाची बहीण उठते आणि हातातला कागद वाचू लागते. तो तिच्या मेलेल्या नवऱ्याचा कबुलीजबाब आहे. सत्तर हजारांची फौज आणि खुद्द बादशहाचा मुलगा ज्या राजद्रोहापायी मारले गेले, तो राजद्रोह कधी घडलाच नव्हता, असं त्यात लिहिलं आहे. बादशहा संतापतो, वाचन थांबवायला सांगतो. तेवढ्यात एक मंत्री आपल्या आसनावरून उठून मध्यभागी येतो, वाकतो आणि म्हणतो, या प्रकरणाची फेरचौकशी व्हावी. मग दुसरा उठतो. मग एक वृद्ध सरदार, मग बादशहाचा स्वतःचा भाऊ. शेवटी दरबारात वाकलेल्या पाठीच पाठी दिसतात आणि सिंहासनावरचा म्हातारा एकटा उरतो. दरबाऱ्यांपैकी कुणीही तलवार उपसलेली नाही. कुणी मोठ्या आवाजात संवादही फेकलेला नाही.

‘निर्वाणा इन फायर’ या चिनी मालिकेतला हा प्रसंग प्रस्तुत लेखिकेने चार वेळा पाहिला आहे आणि चारही वेळा तिचे डोळे भरून आले आहेत. मालिका 2015 सालची, चोपन्न भागांची. हाय येन या लेखिकेने स्वतःच्याच कादंबरीवरून ती लिहिली. हू गे या नटाने साकारलेला मेइ चांगसू हा त्या कत्तलीतून वाचलेला तरुण सेनानी. आजाराने खंगलेला, चेहरा बदललेला, एका विद्वान सल्लागाराच्या नावाने तो राजधानीत परततो. त्याला गादी नको आहे, सूडही नको आहे. त्याला निकालपत्र बदलून हवं आहे. चोपन्न भाग चालतात ते एका जुन्या फाइलीसाठी.

नवी मुंबईत ही मालिका पाहण्याची एक हक्काची जागा आहे, ती म्हणजे हार्बरची लोकल. पंचेचाळीस मिनिटांचा भाग पनवेलला सुरू केला की कुर्ल्याच्या आसपास संपतो. कानात इअरफोन, खाली इंग्रजी सबटायटल्स, आणि खारघरला चढलेल्या गर्दीत फोन छातीशी धरून दरबारातलं राजकारण समजून घ्यायचं. ज्यांना इंग्रजी अक्षरं पळती वाटतात त्यांच्यासाठी हिंदीत डब केलेल्या चिनी मालिका आहेत, पण डबिंगमध्ये पदव्यांचे आणि नात्यांचे बारकावे निम्मे गळतात. गलवानच्या चकमकीनंतर 2020 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने ज्या 43 ॲप्सवर बंदी घातली त्यांत वीटीव्ही आणि मँगो टीव्ही ही चिनी मालिकांची दोन मोठी ॲप्स होती. पाहणाऱ्यांनी मग दुसऱ्या वाटा शोधल्या. सीमेवर आपले जवान गेले त्याचं दुःख मनात असताना त्याच देशाची गोष्ट आवडीने पाहावी का, हा प्रश्न तेव्हा अनेक घरांत निघाला आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. लेखिकेपुरतं उत्तर असं, की शेजाऱ्याच्या सरकारवरचा राग आणि शेजाऱ्याच्या कारागिरीबद्दलची ओढ या दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात. शिवाय ही कारागिरी आपल्याला आपल्याबद्दल काही सांगते.

ती काय सांगते, हे नेरुळच्या घरात सासूबाईंबरोबर ‘एम्प्रेसेस इन द पॅलेस’ पाहताना लक्षात आलं. 2011 ची, शहात्तर भागांची ही मालिका योंगझेंग बादशहाच्या जनानखान्यात घडते. सुन ली या अभिनेत्रीने साकारलेली झेन ह्वान निरागस मुलगी म्हणून महालात येते आणि राजमाता होईपर्यंत तिच्या मनाचा दगड झालेला असतो. पण त्या संध्याकाळी पडद्यावर होती ती ह्वा, बादशहाची लाडकी आणि गर्विष्ठ राणी. तिच्या दालनात कायम एक खास धूप जळत असतो. तो फक्त तिच्यासाठी बनवलेला, बादशहाने प्रेमाने दिलेला. त्यात कस्तुरी आहे, आणि त्या कस्तुरीमुळे तिला मूल होत नाही.

‘अगं, पण तिला ठाऊक नाही का त्यात काय आहे ते?’ आईंनी विचारलं.

‘नाही आई, अजून नाही.’

‘आणि राजाला?’

‘त्यानेच घातलंय, आई.’

हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. ह्वाचा भाऊ मोठा सेनापती आहे. त्याच्या भाच्याला गादीवर हक्क सांगता येऊ नये म्हणून बादशहाने वर्षानुवर्षं रोज थोडा थोडा धूप जाळला आहे. ह्वाला हे कळतं तेव्हा ती भिंतीवर डोकं आपटून जीव देते. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. एका धुपाच्या वासात सगळं लष्करी राजकारण बसवलेलं होतं. लढाई न दाखवता सेनापतीची भीती दाखवली होती, आणि बायकांच्या भांडणाचा धागा थेट तिजोरी आणि फौजेपर्यंत नेऊन जोडला होता.

मराठी मालिकेत सासूसुनांची कट-कारस्थानं काही कमी नसतात. पण त्यांच्यामागे काय पणाला लागलं आहे, हे क्वचितच कळतं. 2019 साली रमाबाई पेशव्यांवर ‘स्वामिनी’ आली. गोपिकाबाईंसारखं पात्र तिच्या हाताशी होतं. नवरा पेशवा, तीन मुलगे, थोरला पानिपतात पडलेला, पुढच्या दोघांच्या कपाळी पेशवेपद. अशा बाईचा करडेपणा हा राज्याचा प्रश्न असतो. पडद्यावर मात्र घरातला जाच ठसठशीत दिसला आणि त्यामागचं राज्य पुसट राहिलं.

कपड्यांची गोष्टही त्यातलीच. ‘स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस’ (2018, सत्तर भाग) या मालिकेत छियानलोंग बादशहाची फुका ही सम्राज्ञी डोक्यात सोनं-मोती न घालता रेशमी मखमलीची फुलं माळते. कारण इतिहासात तिच्या काटकसरीची नोंद आहे. ती फुलं नानजिंगच्या पारंपरिक कारागिराकडून करून घेतली. तांब्याच्या बारीक तारेत रेशमाचे तंतू पिळायचे, कातरीने आकार द्यायचा, मग पाकळ्या वळवायच्या. मालिका गाजली तशी ही विस्मरणात चाललेली कला पुन्हा चर्चेत आली. आपल्याकडे पैठणी आहे, नथ आहे, चिंचपेटी आहे. पण मालिकेतली राणी सकाळी उठते, आजारी पडते आणि शोकात बसते तीही त्याच जरीत. कुठल्या प्रसंगी कोणतं लुगडं नेसायचं हे घराघरातल्या आज्यांना अजून माहीत आहे. त्यांना कुणी विचारायला गेलं तर.

चिनी मालिकांचे दोषही मोठे आहेत, ते झाकायचं कारण नाही. ‘रुईज रॉयल लव्ह इन द पॅलेस’ सत्याऐंशी भाग चालते आणि मधले तीसेक भाग नुसता संयम मागतात. दासी आणि खोजे प्याद्यांसारखे मारले जातात आणि गोष्ट त्यांच्यासाठी क्षणभरही थांबत नाही. बादशाही काळातली मालिका तिथे सरकारी परवानगीशिवाय दिसत नाही. 2019 च्या जानेवारीत ‘बीजिंग डेली’ने राजवाड्यातल्या मालिकांवर झोड उठवली आणि लगोलग ‘यान्शी’ आणि ‘रुई’चं पुनःप्रक्षेपण वाहिन्यांवरून गायब झालं. अशा देशात सिंहासनावरच्या माणसाला चूक कबूल करायला लावणारी गोष्ट दाखवायची, तर राजवंशच काल्पनिक करावा लागतो. ‘निर्वाणा’मधलं लियांग हे तसलंच राज्य आहे, जुन्या दक्षिणी राजवंशांच्या वळणावर बेतलेलं. त्या आडोशाने हाय येनने केवढं काही बोलून घेतलं, याचं नवल वाटत राहतं.

आपल्यावर ती सक्ती नाही. आपल्याकडे वेगळी भीती आहे. 2015 मध्ये ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’ गाण्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून केवढा गहजब झाला. अशा वातावरणात निर्माता एकच सुरक्षित रस्ता धरतो. नायक देवासारखा, खलनायक राक्षसासारखा, आणि प्रत्येक प्रवेशाला तुतारी. अपवाद आहेत आणि त्यांचं मोल मोठं आहे. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (2017 ते 2020) मध्ये अमोल कोल्हे यांच्या संभाजीराजांइतकेच अण्णाजी दत्तोही लक्षात राहिले. राज्याभिषेकानंतरच्या रायगडावर कारभाऱ्यांचा आणि युवराजांचा कसा खटका उडाला असेल, हे त्या भागांत कळत होतं. त्याच्या खूप आधी, दूरदर्शनच्या काळात, गजानन जागीरदारांनी रणजित देसाईंच्या कादंबरीवरून ‘स्वामी’ केली. रवींद्र मंकणींचा थकलेला, खोकणारा माधवराव आणि कोवळ्या मृणाल देवची रमा अजून कित्येकांना आठवते.

चित्रीकरणाला जागाही नव्हती असं नाही. चीनच्या चच्यांग प्रांतात हंगदियान इथे 1996 पासून चित्रनगरी उभी राहिली. तिथे बीजिंगच्या राजवाड्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, आणि ‘एम्प्रेसेस’पासून ‘यान्शी’पर्यंत कितीतरी मालिका तिथेच घडल्या. नवी मुंबईहून तासा-दीड तासावर कर्जतजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 मध्ये स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चा आग्र्याचा किल्ला तिथेच उभा राहिला आणि 2008 मधली ‘राजा शिवछत्रपती’ही तिथेच चित्रित झाली. 2023 च्या ऑगस्टमध्ये देसाई गेले. महाराष्ट्राच्या इतिहासाला दगड-लाकडाचं घर देऊ पाहणारा एक माणूस कमी झाला, ही हळहळ आजही ओसरत नाही.

खरा फरक लिहिण्याच्या पद्धतीत आहे. चिनी मालिका आधी पूर्ण लिहिली जाते, पूर्ण चित्रित होते, तपासली जाते आणि मग दिसते. 2020 मध्ये तिथल्या नियामकांनी मालिका चाळीस भागांत बसवण्याची सूचनाही काढली. शेवट ठरलेला असतो, म्हणून सुरुवातीच्या भागातला धूप कितीतरी भागांनंतर जीव घेऊ शकतो. आपली रोजची मालिका गुरुवारी टीआरपी पाहून पुढच्या आठवड्याची वाट ठरवते. तिच्या लेखकांमध्ये गुण कमी नाहीत, त्यांना वेळ मिळत नाही.

आणि विषय? ‘निर्वाणा’ पाहताना मराठी माणसाला रामशास्त्री प्रभुणे आठवले नाहीत तरच नवल. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला मारलं. गादीवर चुलता रघुनाथराव बसला. शास्त्रीबुवांनी चौकशी केली, दोष थेट नव्या पेशव्यावर ठेवला, याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं. प्रभातने 1944 मध्ये यावर ‘रामशास्त्री’ केला, त्यात शास्त्री झाले होते तेच गजानन जागीरदार. पण शास्त्रीबुवा पुण्याबाहेर पडले तिथे गोष्ट संपत नाही, तिथून ती सुरू होते. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके आणि त्यांचे साथीदार, म्हणजे बारभाई, त्याच धन्याच्या चाकरीत राहून त्याला उलथायचा बेत करतात. कुणी मोहिमेतून आजाराचं निमित्त काढून परततो, कुणी पैशाची निकड सांगतो. नारायणरावाची पोटुशी विधवा गंगाबाई पुरंदरावर हलवली जाते. मुलगी झाली तर सगळा डाव फसला.

या कटातले बहुतेक नायक लेखणीवाले आहेत. नानांनी आत्मचरित्र लिहून ठेवलं, पानिपताहून जीव घेऊन पळालो हेसुद्धा त्यात सांगून टाकलं. भित्रा आणि धूर्त, शंभर हेरांचा धनी असलेला असा कारभारी कुठल्याही देशातल्या मालिकालेखकाने हातोहात उचलला असता. पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत, त्यांतून सरदेसाईंनी निवडलेले 45 खंड छापलेले आहेत. पानिपतावरच्या मृत्यूंची बातमी ज्यांनी मोत्यांच्या आणि मोहरांच्या हिशोबात कळवली, त्या माणसांची भाषा त्या कागदांत आहे. मालिकांमधल्या अवजड भाषेपेक्षा ती कितीतरी चपळ आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेकाठी नानांचा वाडा उभा आहे. तिथे ‘स्वदेस’चं चित्रीकरण झालं, आणखी कितीतरी चित्रपटांचं झालं. नानांच्या गोष्टीसाठी मात्र त्या ओसरीवर अजून कॅमेरा लागायचा आहे.

वाशीच्या पुलावरून लोकल मानखुर्दकडे जाते तेव्हा उजव्या हाताची खाडी ठाण्याकडे वळत जाते. पलीकडे साष्टीचं बेट. बारभाईंपुढे हरलेला रघुनाथराव, म्हणजे राघोबा, इंग्रजांच्या दारात गेला, आणि 1775 च्या सुरतेच्या तहात त्याने जे लिहून दिलं त्यात ही साष्टी होती. इंग्रजांनी तहाची वाटही पाहिली नव्हती, 1774 च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला त्यांनी घेतलाच होता. आज त्या किल्ल्यात तुरुंग आहे. फोनवर लियांगचा दरबार पाहत रोज हजारो माणसं या खाडीवरून जातात, आणि खिडकीबाहेर त्यांचीच गोष्ट पडून असते.

चाळीस भाग पुरतील. पहिल्या भागात शनिवारवाड्यातली दुपार. मध्ये कुठेतरी शास्त्रीबुवा भर दरबारात उभे, आणि त्यांच्यामागे कोण उठतं, कोण मान खाली घालतं ते कॅमेऱ्याने सावकाश पाहावं. शेवटच्या भागात 1774 च्या उन्हाळ्यातला पुरंदर. गंगाबाईला मुलगा झाला आहे. साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आली आहेत. ज्याच्यासाठी आली आहेत तो चाळीस दिवसांचा आहे, दुपट्यात गुंडाळलेला. वस्त्रं त्याच्या अंगाला नुसती लावायची आणि पुन्हा घडी घालायची. बाजूला बत्तीस वर्षांचा नाना उभा, आणि पाळण्याची दोरी त्या विधवा आईच्या हातात.