'महाराष्ट्र' नावाचा संघ

संतोष करंडकाची आंतरराज्य फुटबॉल स्पर्धा 1941 साली सुरू झाली. तेव्हापासून 2024 अखेरपर्यंत बंगालने ती 33 वेळा जिंकली. महाराष्ट्राच्या वाट्याला चारच विजेतेपदे आली. पहिले 1954 साली 'मुंबई' या नावाने खेळताना, पुढची तीन 1963-64, 1990-91 आणि 1999-2000 या हंगामांत. त्यालाही आता पंचवीस वर्षे उलटून गेली. अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हात हलवीत परतण्याचे प्रसंग मात्र कितीतरी अधिक. 1956 आणि 1957 साली तर लागोपाठ दोनदा हैदराबादने मुंबईला अंतिम फेरीत नमविले. या इतिहासाचा दोष दैवावर ढकलण्याची पद्धत आहे. त्यापेक्षा हा संघ कोणाचे प्रतिनिधित्व करीत आला, हे तपासणे अधिक उपयोगाचे ठरेल.

हा संघ मुख्यतः मुंबईच्या श्रमबाजाराचे अपत्य होता. रोव्हर्स करंडक 1891 पासून तेथे खेळला जात असे. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, पुढे महिंद्र, एअर इंडिया अशा कंपन्यांनी संघ बाळगले. खेळाडूला मिळे ती बहुधा कारकुनाची वा कामगाराची नोकरी, आणि त्या काळी ती आयुष्याची हमी होती. त्या हमीपोटी गोव्यातून, केरळातून, तामिळनाडूतून पोरे मुंबईला येत. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे गोव्याचे आणि टाटांच्या संघातले. त्यांच्यावर मुंबईने हक्क सांगावा यात गैर काही नाही. पण असा हक्क नोकरी असेतोच टिकतो. गोव्यात मुक्तीनंतर खाणमालक आणि उद्योगपती यांच्या आश्रयाने बलवान क्लब उभे राहिले, तेव्हा तिकडची मुले घरीच राहिली आणि 1982-83 मध्ये गोव्याने बंगालबरोबर संयुक्तपणे, तर पुढच्याच वर्षी एकट्याने हा करंडक नेला. मुंबईत रेल्वेच्या नोकरीत शिरलेला खेळाडू रेल्वेच्या स्वतंत्र संघातून खेळू लागला, हा आणखी एक गळतीचा मार्ग. महिंद्रचा संघ 2006 साली राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला आणि 2010 साली बंद झाला. कंपनीचा जमाखर्च बदलला की राज्याचा संघ दुबळा व्हावा, अशी ही व्यवस्था.

मुंबईबाहेर अपवाद एकच ठळक, तो कोल्हापूरचा. तेथे फुटबॉल कंपन्यांनी नव्हे, पेठांनी आणि तालमींनी सांभाळला. पाटाकडील विरुद्ध दिलबहार या सामन्याला शाहू स्टेडियम भरते ते तालमीच्या अभिमानापोटी. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला खरा. पण चेंडूची ओढ तो घरूनच घेऊन गेला होता.

आता नकाशाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे. जव्हार तालुक्यातील दाभोसा हे गाव धबधब्यासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात मुंबईच्या मोटारी तेथे रांगा लावतात. या मुलखातील वारली, कोकणा, ठाकर, कातकरी मुलांच्या पायांत बळ नाही, असे कोणी म्हणणार नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अशाच डोंगरवाटा तुडवीत 2010 च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरच्या रौप्यपदकापर्यंत गेली. मग जव्हार-मोखाड्यातून धावपटू निघण्याची आशा बाळगता येते आणि फुटबॉलपटूची का नाही?

धावणाऱ्याला रस्ता पुरतो. फुटबॉलला आपले अकरा, समोरचे अकरा आणि आठवड्यामागून आठवडे पुन्हा तोच सामना लागतो. भातकापणी आटोपली, जमीन कोरडी झाली की खरे तर खेळाचा हंगाम सुरू व्हावा. नेमक्या त्याच वेळी, दिवाळीच्या पुढेमागे, जव्हार-मोखाड्याची कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि बरोबर मुलेही जातात. पाड्यावर मागे राहतात ती म्हातारी माणसे. अशा गावात संघ कशाचा बांधणार? मैदान दिले आणि चेंडू वाटले म्हणजे खेळ रुजतो, ही समजूत सरकारी कचेऱ्यांत फार सोयीची आहे.

वर्षातले बहुतेक महिने मुले एका जागी राहतात अशी एकच जागा या भागात आहे, ती म्हणजे आश्रमशाळा. जव्हारला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, त्याच्या हाताखाली अनेक आश्रमशाळा आहेत. वर्षातून एकदा दोन-तीन दिवसांचे क्रीडासंमेलन भरवून ढाली वाटण्याऐवजी नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी शाळाशाळांत सामने ठेवावेत. त्यासाठी नवे क्रीडासंकुल बांधावे लागत नाही. बसचे भाडे, पंचाचा भत्ता आणि मुलांच्या जेवणात त्या दिवशी थोडी भर, एवढाच खर्च. भट्टीवर जाणाऱ्या आईबापांना मुलाला शाळेत ठेवण्याचे आणखी एक कारण मिळेल, हा लाभ हिशेबात धरला तर खर्च आणखी हलका वाटेल. राज्य संघटनेने करावयाचे ते इतकेच, की वयोगटाच्या निवड चाचणीपैकी एक तरी जव्हारला घ्यावी. मुंबई तेथून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. चाचणीसाठी तेवढे अंतर आजवर मुलांनीच कापावे अशी अपेक्षा राहिली. यापुढे एकदा निवड समितीने कापून पाहावे.