जुनी काठी, नवी मूठ

२०२१ च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरूची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली. पदक हुकले ते अवघ्या एका फटक्याने. त्या शनिवारी सकाळी ज्या घरांत बर्डी म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हते, तिथेही माणसे टीव्हीपुढे श्वास रोखून बसली होती. गोल्फ हा साहेबांचा खेळ, हा समज त्या दिवशी जरासा तरी ढिला झाला असावा.

आपल्याकडची मुले बेंगळुरूला किंवा पुण्याला नोकरीला लागतात. कुणी मित्राच्या नादाने, कुणी वरिष्ठांच्या आग्रहाने सरावाच्या मैदानावर जातो, भाड्याच्या क्लबने शेपाचशे चेंडू मारतो, आणि मग घरी फोन येतो, "बाबा, सेट घ्यायचा म्हणतोय." सेट म्हणजे चौदा क्लब, बॅग आणि वर वर्षभराचे हप्ते. बाबा इकडे काळजीत. मुलाला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला जीभ रेटत नाही.

आधी त्या चौदाचे पाहू. नियम असा की फेरीत जास्तीत जास्त चौदा क्लब नेता येतात. ही वरची मर्यादा आहे, खालची नाही. चारच घेऊन गेलात तरी कुणी अडवत नाही. नवशिक्याला सहा-सात पुरतात: एक पाच नंबरचा वुड किंवा हायब्रिड, सात आणि नऊ नंबरची आयर्न, वाटल्यास त्याखालची एक, एक पिचिंग वेज, वाळूतून चेंडू काढायला सँड वेज, आणि पटर. ड्रायव्हर पहिल्या वर्षी नसला तरी चालतो. तो सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत अवखळ. पण दुकानात हात आधी त्याच्याकडेच जातो, त्याला इलाज नाही.

नवा घ्यावा की जुना? माझे मत सरळ आहे: हेड जुने चालते, मूठ जुनी चालत नाही.

हेड जुने का चालते, त्याला कारणे आहेत. ड्रायव्हरचे डोके फुगत फुगत गेले, तेव्हा २००४ पासून नियमाने ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा घातली. चेंडू उसळवण्याच्या ताकदीलाही सीमा आहे. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचा चांगला ड्रायव्हर आणि यंदाचा, यांत हौशी माणसाला जाणवेल असा फरक थोडाच. आयर्नची गोष्ट आणखी गमतीची. दुकानदार सांगतो, नव्या सात नंबरने चेंडू पंधरा-वीस यार्ड लांब जातो. जाईलच! पूर्वी सात नंबरच्या पात्याचा तिरकेपणा पस्तीस अंशांच्या आसपास असे, आता कित्येक संचांत तो तीसच्याही खाली आणला आहे. म्हणजे कालच्या सहा किंवा पाच नंबरवर आज सात आकडा कोरला. आकडा बदलून अंतर वाढवण्याची ही युक्ती आपल्या बाजारात नवी नाही.

मात्र फार जुनेही नको. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, त्यामुळे निवृत्त लष्करी घरे पुष्कळ. देशातल्या अनेक लष्करी ठाण्यांत गोल्फची मैदाने आहेत, आणि अशा एखाद्या घराच्या माळ्यावर चामड्याची बॅग धूळ खात पडलेली असायची. त्यात लाकडी डोक्याचा ड्रायव्हर निघाला तर तो दिवाणखान्यात शोभेला ठेवावा. आयर्न मागून सपाट, पात्यासारखी सडसडीत निघाली तर तीही नवशिक्याने घेऊ नये. चेंडू नेमका मध्यावर लागला नाही की ती हाताला झिणझिण्या आणते. मागून खोलगट असलेली घ्यावी. कार्स्टन सोल्हाइम नावाच्या अभियंत्याने डोक्याचे वजन मध्यातून काढून कडांवर नेले, तिथून हा प्रकार रूढ झाला. चुकलेला फटकाही मग बराच सांभाळला जातो. त्याच्या पिंग कंपनीची १९८० च्या दशकातली आयर्न आजही लोक वापरतात.

जुना संच हाती घेतला की घाई करू नका. स्टीलचा शाफ्ट टेबलावर लोळवून पाहा, वाकडा असेल तर लगेच कळते. ग्रॅफाइटच्या शाफ्टवरून नख फिरवा, चीर असेल तर तो सोडून द्या. डोके कानाशी हलवा, आत काही खडखडते का. किनारपट्टीवरून, गोव्याकडून आलेल्या संचात गंज बघायचाच. आणि टायटॅनियमचा म्हणून ड्रायव्हर कुणी स्वस्तात देत असेल तर खिशात चुंबक असू द्या. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर वर नाव कितीही मोठे असो, मुकाट्याने घरी या. नकली क्लबांचा धंदा तेजीत असतो.

आता मूठ, म्हणजे ग्रिप. खेळाडूचा क्लबशी संबंध येतो तो फक्त इथे, आणि लोक सगळ्यांत कमी लक्ष देतात तेही इथेच. रबर जुने झाले की चकचकीत आणि कडक होते. मग हात निसटेल या भीतीने माणूस क्लब आवळतो, आवळला की कोपरापासून खांद्यापर्यंत सगळे ताठते आणि फटका मरतो. शिकवणारा मग ओरडतो, "गट्टी हिडीबेड, मेल्लगे हिडी!" पण गुळगुळीत ग्रिप हलक्या हाताने धरणार तरी कशी? (कन्नडात 'हिडी' म्हणजे धर, आणि दांड्यालाही हिडीच, आपल्या 'मूठ' शब्दातही हात आणि अवजार असेच एकत्र नांदतात.)

जाडीचे माप घरीच घेता येते. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डाव्या हातात क्लब धरावा. मधले बोट आणि अनामिका, यांची टोके अंगठ्याखालच्या मांसल भागाला जेमतेम टेकली तर माप बरोबर. टोके रुतली तर ग्रिप बारीक आहे. अशाने मनगटे जास्त वळतात आणि चेंडू बहुधा डावीकडे पळतो. मध्ये फट राहिली तर ती जाड. मग हात वळत नाहीत आणि चेंडू उजवीकडे. सांधे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना मात्र जराशी जाड आणि मऊ ग्रिप बरी पडते. त्यासाठी महाग ग्रिप शोधायला नको. आत चिकटपट्टीचा एखादा वेढा जास्त दिला की काम होते.

बदलणेही अवघड नाही. जुनी ग्रिप अंगापासून दूर पाते चालवून कापावी. ग्रॅफाइटवर पाते दाबू नये. खालची पट्टी खरवडून काढावी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी नवी पट्टी लावावी. नव्या ग्रिपच्या टोकाचे छिद्र बोटाने बंद करून आत रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन ओतावे, हलवावे, तेच पट्टीवर ओघळू द्यावे आणि ग्रिप एका दमात सरकवावी. पट्टी ओली असेतोवर ती सरळ करता येते, नंतर नाही. रात्रभर वाळू द्यावे. हे काम अंगणात करा. स्वयंपाकघरात, गॅसजवळ मुळीच नको. एका ग्रिपला काही शे रुपये पडतात, म्हणजे सात क्लबांच्या मुठी नव्या झाल्या तरी एका नव्या ड्रायव्हरची किंमत होत नाही. पावसाळ्यात खेळणाऱ्याने किंवा तळव्याला फार घाम येणाऱ्याने सुताचा धागा असलेली खरखरीत ग्रिप घ्यावी. एरवी भांड्याचा साबण, कोमट पाणी आणि जुना ब्रश एवढ्यावर ग्रिप पुष्कळ दिवस टिकते. वाळवायची ती सावलीत, आणि मे महिन्यात बॅग गाडीच्या डिकीत सोडायची नाही.

लहान मुलांसाठी मोठ्यांचा क्लब कापून देण्याची पद्धत मला पटत नाही. कापलेला शाफ्ट ताठर होतो, डोके जड ते जडच राहते, आणि पोर अंगाला हिसके देऊन मारायला शिकते. उंचीप्रमाणे बनवलेले मुलांचे हलके क्लब मिळतात. त्यातले तीन घ्यावेत, वाढ झाली की दुसऱ्याला द्यावेत.

एवढे करूनही मैदानाची फी उरतेच आणि ती स्वस्त नाही, हे मुलाला आधीच सांगितलेले बरे. सल्ला हवा असेल तर दुकानदाराच्या आधी कॅडीला विचारावे. १९९१ ची इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच खेळात आला होता. कोणता क्लब कुणाच्या हाती शोभतो हे या मंडळींना चालण्यावरून कळते. शिवाय झुडपांत आणि तळ्यात सापडलेले चेंडू त्यांच्याकडेच स्वस्तात मिळतात. पहिल्या वर्षी तेच घ्यावेत, कारण ते परत तिथेच जाणार आहेत.