उजाडल्याशिवाय मोहाखाली जाऊ नका!

जाहीर आवाहन

चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतील जंगलालगतच्या सर्व गावकऱ्यांस,

माय-बहिणींनो आणि भावांनो,

मोहफुलांचा हंगाम सुरू झाला आहे. मोह रात्रभर गळतो, म्हणून आपण पहाटेच्या अंधारातच टोपली घेऊन निघतो. त्याच फुलांसाठी, त्याच वेळी, त्याच झाडाखाली अस्वलही येतं. आपण वाकून वेचत असतो, ते मान खाली घालून खात असतं. अगदी जवळ आल्यावर दोघंही दचकतात आणि घात होतो.

अस्वल माणसाला खायला येत नाही. वाळवी, मुंग्या, मध, मोहफुलं, टेंभरं हे त्याचं खाणं. त्याचं नाक तिखट, पण नजर अधू. वाघाच्या रानात जगणारं हे जनावर दचकलं की बरेचदा पळत नाही, अंगावर येतं. वार बहुधा डोक्यावर आणि चेहऱ्यावर होतो. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी तर कुणालाच जवळ येऊ देत नाही.

म्हणून कळकळीची विनंती :

१. लख्ख उजाडल्यावरच निघा. एकटे जाऊ नका. चार-पाच जण मिळून, मोठ्यानं बोलत जा. काठीला घुंगरं बांधा.

२. वारूळ, कपारी आणि दाट झुडपांपासून लांब राहा.

३. मोहाखालचा पाला पेटवू नका, झाडून घ्या. वणवा लागणार नाही आणि झाडाखालचंही नीट दिसेल.

४. अस्वल दिसलं तर पळू नका, दगड मारू नका. त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागं सरका. दोन मित्र आणि अस्वलाच्या गोष्टीतल्या मित्रासारखं झाडावरही चढू नका. अस्वल झाडावर चढतं.

५. अंगावर आलंच तर पोटावर पालथे पडा, चेहरा जमिनीला लावा, दोन्ही हात मानेमागं घट्ट गुंफा. ते दूर जाईपर्यंत उठू नका.

६. जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा. रक्त वाहत असेल तर आधी स्वच्छ कापडानं दाबून धरा. 108 वर रुग्णवाहिका बोलवा. दवाखान्यात रेबीज आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल आवर्जून विचारा. वनविभागाला 1926 वर लगेच कळवा. नुकसानभरपाईसाठी पंचनामा लागतो.

७. गावात अस्वल शिरलं तर गर्दी करू नका, मोबाइल घेऊन मागं धावू नका. त्याला वाट मोकळी ठेवा.

आपण थांबलो तर दुसरा आधी जाऊन फुलं वेचून नेईल, ही धास्ती खरी आहे. त्या फुलांवर घरचं मीठ-मिरची चालते. म्हणूनच हा निर्णय एकट्यानं घेण्याजोगा नाही, गावानं घेण्याजोगा आहे. प्रत्येक ग्रामसभेनं याच आठवड्यात बसून ठरवावं : सूर्य उगवण्याआधी कुणीही मोहाला जाणार नाही. सगळेच थांबले तर कुणाचीच टोपली रिकामी राहणार नाही.

पहाट अस्वलाला द्या, सकाळ आपण घेऊ. आपल्या गावाची ग्रामसभा आजच बोलवा.