मतदानाआधीची पसंती

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार सामान्य मतदार ठरवतात, असे आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. दिल्लीत बसून राजकारण न्याहाळणाऱ्याला तर त्या पद्धतीचा हेवाच वाटतो. येथे विधिमंडळ पक्षाची बैठक भरते, एका ओळीचा ठराव होतो, नेता निवडण्याचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना बहाल केले जातात आणि आमदार चहापान करून पांगतात. तिकडे आयोवातला शेतकरी जानेवारीच्या बर्फात घराबाहेर पडून आपला कौल देतो. हे चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. त्या शेतकऱ्यापर्यंत नावे पोहोचण्याच्या वर्ष-दीड वर्ष आधीच गव्हर्नर, सिनेटर, कामगार संघटनांचे पुढारी आणि बडे देणगीदार यांच्यात एक निवडणूक होऊन गेलेली असते. तिला मतपेटी नसते. तिथले अभ्यासक तिला ‘अदृश्य प्रायमरी’ म्हणतात. २०२८ साली दोन्ही पक्षांना नवा उमेदवार शोधायचा आहे. ट्रम्प दोनदा निवडून आल्याने राज्यघटना त्यांना तिसऱ्यांदा निवडून येऊ देत नाही. त्यामुळे या अदृश्य निवडणुकीचे मोल नेमके किती, हे आताच तपासून पाहिलेले बरे.

या व्यवस्थेची जन्मकथा बोलकी आहे. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. शिकागोच्या अधिवेशनात आत पुढाऱ्यांचा कारभार आणि बाहेर पोलिसांच्या लाठ्या, हे दृश्य साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यानंतर नियम बदलले आणि मतदारांचा शब्द निर्णायक झाला. १९७२ साली या नव्या पद्धतीने निवडलेले जॉर्ज मॅकगव्हर्न पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत हरले. तेव्हा पुढाऱ्यांना पुन्हा आपली आठवण झाली. १९८४ पासून ‘सुपरडेलिगेट’ नावाचे, कोणत्याही कौलाने न बांधलेले प्रतिनिधी अधिवेशनात बसू लागले. त्यांनी गॅरी हार्ट यांच्याविरुद्ध वॉल्टर माँडेल यांना हात दिला. माँडेलही एकोणपन्नास राज्यांत हरले! शहाणपण जनतेकडे अधिक की जाणत्यांकडे, हा वाद खरे तर तेथेच मिटायला हवा होता.

तो मिटला नाही. २००८ साली चार राज्यशास्त्रज्ञांनी ‘द पार्टी डिसाइड्स’ या ग्रंथात असे मांडले की, १९८० नंतरच्या लढतींत पहिले मत पडण्यापूर्वी पक्षातील मातब्बरांनी दिलेला पाठिंबा हाच अंतिम निकालाचा सर्वात भरवशाचा संकेत ठरला आहे. नियतीचा विनोद असा, की त्याच वर्षी हिलरी क्लिंटन सुपरडेलिगेटांची मोठी आघाडी घेऊन मैदानात उतरल्या आणि बराक ओबामांकडून हरल्या. आयोवाच्या निकालानंतर मातब्बरांची पावले हळूहळू वळू लागली. नागरी हक्क चळवळीतले जॉन लुईससुद्धा फेब्रुवारीत क्लिंटन यांना सोडून ओबामांकडे आले. दुसरीकडे एडवर्ड केनेडींनी ओबामांच्या पाठीवर हात ठेवला, तरी आठवड्याभरात केनेडींच्याच मॅसॅच्युसेट्सने क्लिंटन यांना कौल दिला. त्याआधी डिसेंबर २००३ मध्ये अल गोर यांनी हॉवर्ड डीन यांना आशीर्वाद दिला होता. पुढच्याच महिन्यात डीन आयोवात तिसरे आले.

मग या पाठिंब्याला अर्थ तरी काय? माझ्या मते, पाठिंबा दोन जातींचा असतो. एक साक्षीचा आणि दुसरा विम्याचा. ज्याने उमेदवाराला वर्षानुवर्षे जवळून पाहिले आहे, तो स्वतःची पत पणाला लावून बोलतो, तेव्हा ती साक्ष असते. उगवत्या सूर्याला वेळेत नमस्कार घडावा म्हणून जो बोलतो, तो विम्याचा हप्ता भरत असतो. वृत्तपत्रांतले तक्ते या दोहोंची सरसकट बेरीज करतात, आणि गफलत तेथेच होते. विमा भरणाऱ्यांची रांग कितीही लांब असली, तरी तिच्यातून उमेदवाराविषयी नवे काहीच कळत नाही.

साक्षीचे उदाहरण २०२० चे. जो बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. त्यांच्या राजकीय मृत्युलेखांची जुळवाजुळव सुरू झाली होती. अशा वेळी, २६ फेब्रुवारीला, साउथ कॅरोलिनाचे ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जेम्स क्लायबर्न यांनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला. बुडत्या नावेत कोणी विम्यासाठी पाय ठेवत नाही. तीन दिवसांनी बायडेन ते राज्य मोठ्या फरकाने जिंकले. बुटिजेज आणि क्लोबुशार माघार घेऊन त्यांच्यामागे उभे राहिले, आणि ३ मार्चला चौदापैकी दहा राज्ये बायडेन यांच्या पदरात पडली.

साक्षीदार गप्प बसले की काय होते, ते रिपब्लिकनांनी २०१६ मध्ये दाखवले. जेब बुश यांच्यासाठी दहा कोटी डॉलरहून अधिक निधी उभा राहिला, पण त्यांच्याभोवती पक्ष काही गोळा झाला नाही. ट्रम्प बहुतेकांना नको होते. मात्र ‘नको’ म्हणणारे पुढारी हव्या असलेल्या एका नावावर एकत्र येईनात. बहुसंख्य कुंपणावरच बसून राहिले. ट्रम्प यांना पहिला सिनेटर मिळाला तो फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस, आणि तोवर ते न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलिना व नेवाडा जिंकून बसले होते. २०२३ मध्ये बाण उलटा फिरला. रॉन डिसँटिस यांनी काही महिन्यांपूर्वीच फ्लोरिडा सुमारे एकोणीस टक्क्यांच्या फरकाने राखले होते. तरीही त्याच राज्यातल्या निम्म्याहून अधिक रिपब्लिकन खासदारांनी ट्रम्प यांची पालखी खांद्यावर घेतली. पुढारी मतदारांना वाट दाखवत नव्हते, मतदारांच्या मागे धावत होते. ज्यांनी हे केले नाही, त्यांचे काय झाले? आयोवाच्या गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी डिसँटिस यांच्या बाजूने आपले वजन टाकले, तरी ट्रम्प ते राज्य तीस टक्क्यांच्या आघाडीने जिंकले.

पण मला अधिक गंभीर वाटते ती डेमोक्रॅटिक पक्षाची २०२३ मधली एकजूट. त्या पक्षाने २०१८ मध्ये सुपरडेलिगेटांना पहिल्या फेरीच्या मतदानापासून जवळपास दूर ठेवून लोकशाहीची लाज राखली होती. नियम सुधारला, स्वभाव नाही. बायडेन यांनी पुन्हा उभे राहू नये, असे पक्षाच्याच बहुसंख्य मतदारांना वाटते, हे अनेक जनमत चाचण्या सांगत होत्या. अध्यक्षांना जवळून पाहणारे पुढारी मात्र एकसुरात पाठिंबा देत राहिले. मिनेसोटाचे खासदार डीन फिलिप्स यांनी वयाचा प्रश्न जाहीरपणे काढला आणि ते आव्हान देण्यास उभे राहिले, तेव्हा त्यांना अनुयायी मिळाले नाहीत, उपहास तेवढा मिळाला. मतदारांपुढे खरी निवड आलीच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेस अध्यक्षपदासाठी खरगे यांना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मते पडली होती. श्रेष्ठींचा कल कोणाकडे, हे सांगावे लागत नाही, तेथे मतपत्रिका नावापुरती उरते. दिल्लीकरांना हे समजायला वॉशिंग्टनला जावे लागत नाही.

२७ जून २०२४ च्या वादचर्चेत जे दिसायचे ते सर्वांना दिसले. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत कमला हॅरिस यांच्या पाठीशी बहुमताला पुरतील एवढे प्रतिनिधी उभे होते. वर्षभर ज्यांना एक अवघड वाक्य उच्चारता आले नाही, त्यांनी सुमारे दीड दिवसात उमेदवार ठरवला, आणि तोही त्या वर्षी एकाही प्रायमरीत स्वतःच्या नावावर मत न मागितलेला. नोव्हेंबरात हॅरिस हरल्या. फिलिप्स यांनी तर नोव्हेंबर २०२३ मध्येच, प्रतिनिधिगृहाची निवडणूक पुन्हा न लढवण्याचे जाहीर करून टाकले होते.