लेकींनाही आवतण हवे

सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरी कुलसंमेलनाचे बेत सुरू होतात. वंशावळ निघते, याद्या होतात. काका, चुलतभाऊ, पुतणे यादीत असतात. आत्या, बहिणी आणि त्यांची मुले मात्र 'दुसऱ्या कुळातली' म्हणून राहून जातात.

आपल्या सीमाभागात हे फार जड जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. तोवर बिदर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. लेकी दिल्या घरीच राहिल्या, पण नातवंडांच्या शाळेची भाषा बदलली. आज एकाच पणजीचे एक पतवंड मराठी वाचते, दुसरे कन्नड.

नाते आईकडूनही येते, हे आपल्याच मातीत सांगितले गेले आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, विज्ञानेश्वरांनी 'मिताक्षरे'त सपिंड म्हणजे एकाच देहाचे अंश असलेले, असा अर्थ लावला. वडिलांकडच्या सात पिढ्यांबरोबर आईकडच्या पाच पिढ्याही त्यात धरल्या.

तेव्हा वाचकहो, यादी करण्याआधी घरातल्या आजींजवळ वही घेऊन बसा. कोणती लेक कोणत्या गावी दिली, हे त्यांनाच पाठ असते आणि त्यांच्यामागे सांगणारे कोणी उरणार नाही. पत्रिका मराठी आणि कन्नड दोन्हींत छापा. वंशावळीच्या तक्त्यावर लेकींची नावे त्यांच्या सासरच्या गावांसह लिहा. आत्या म्हणा की अत्ते, तिच्या नातवंडांना तिथे आपले नाव सापडले पाहिजे.